सिलेक्टर हलवला की एक बाजू येते, पुन्हा जाते: घरी बांधलेल्या स्टिरिओ ॲम्पला कोणता इनपुट स्विच लावावा

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. "डाव्या बाजूचा आवाज मधेच बसतो. सिलेक्टरचा नॉब जरा हलवला की परत येतो. स्प्रे मारला, महिनाभर बरं चाललं, आता पुन्हा तेच." कोल्हापुरात पाऊस लागला की या तक्रारीला ऊत येतो आणि सल्लाही ठरलेला असतो: अजून एकदा स्प्रे मार. माझं मत वेगळं आहे. स्प्रे मारूनही तोच दोष वारंवार येत असेल, तर साफसफाई सोडा आणि तो सिलेक्टर, म्हणजे कोणत्या सोर्सचा आवाज ऐकायचा ते निवडणारा इनपुट स्विच, त्या कामाचा आहे का ते बघा. बहुतेक वेळा नसतो.

ॲम्प आपल्याकडचा नेहमीचाच धरतो. ४४४० किंवा टीडीए २०३० या ॲम्प्लिफायर आयसीचा बोर्ड, पत्र्याचं कॅबिनेट, मागे लाल-पांढरी आरसीए सॉकेटं, पुढे व्हॉल्यूम आणि सिलेक्टर. सोर्स तीन-चार: ब्लूटूथ मॉड्यूल, टीव्ही, डीव्हीडी किंवा माळ्यावरून काढलेला टेप डेक, आणि हौशी माणूस असेल तर रेकॉर्ड प्लेअर.

आधी दोष स्विचचाच आहे का ते ठरवा

पहिली चाचणी फुकटातली. सोर्सकडून येणाऱ्या दोन पिना मागच्या सॉकेटमध्ये अदलाबदल करून लावा, लाल पांढऱ्यात आणि पांढरी लालमध्ये. आधी डावा स्पीकर जात होता आणि आता उजवा जायला लागला, तर दोष सोर्समध्ये किंवा केबलमध्ये आहे. स्विचला हात लावू नका. डावाच जात राहिला तर दोष सॉकेटपासून पुढे कुठेतरी.

दुसरी चाचणी कॅबिनेट उघडून करायची. सिलेक्टरच्या दोन कॉमन टर्मिनलांवरून, म्हणजे निवडलेला सिग्नल जिथून बाहेर पडतो तिथून, व्हॉल्यूमकडे जाणाऱ्या तारा आपसात बदला. दोष दुसऱ्या स्पीकरवर गेला तर स्विच किंवा त्याच्या मागचं सॉकेट. जागचा हलला नाही तर व्हॉल्यूम, बोर्ड किंवा स्पीकरची वायर. तरीही शंका असेल तर स्विच बाजूला ठेवून सॉकेटची तार क्रोकोडाइल क्लिपने थेट व्हॉल्यूमच्या वरच्या पायाला जोडा आणि एक संध्याकाळ गाणी ऐका. संध्याकाळ बिनातक्रार गेली तर निकाल लागला.

एक खूण मात्र फार लोक चुकीची वाचतात. "आवाज मोठा केला की गेलेली बाजू परत येते" असं कोणी म्हणालं, की लगेच विचारा: कुठला आवाज, मोबाइलचा की ॲम्पचा? सिलेक्टर हा ॲम्पच्या व्हॉल्यूमच्या अलीकडे असतो. त्यामुळे ॲम्पचा व्हॉल्यूम कितीही फिरवला तरी सिलेक्टरमधून जाणारा सिग्नल तेवढाच राहतो. मोबाइलवरचा आवाज वाढवल्यावर बाजू परत येत असेल तर संशय सिलेक्टरवर. ॲम्पचा व्हॉल्यूम वाढवल्यावर परत येत असेल तर दोष व्हॉल्यूमच्या पुढे आहे, आणि ॲम्पला स्पीकर प्रोटेक्शनचा रिले (कॉइलला वीज दिली की चालू-बंद होणारा स्विच) असेल तर आधी तो बघा. या एका प्रश्नावर पुष्कळ सिलेक्टर विनाकारण बदलायचे वाचतात.

इथे मल्टीमीटरही फसवतो. बीपवर ठेवून कॉमन आणि टर्मिनलला टोकं लावली की मीटर खुशाल वाजतं, अर्धा ओम दाखवतं, आणि आपण म्हणतो स्विच ठणठणीत आहे. पण मीटर तपासताना स्वतःचा एक-दोन व्होल्ट दाब लावतं. काँटॅक्टवर, म्हणजे स्विचमध्ये एकमेकांना टेकणाऱ्या धातूच्या टोकांवर, बसलेला पातळ थर फोडायला तो दाब अनेकदा पुरतो. टोकं काढली, गाणं लावलं, की थोड्या वेळात बाजू पुन्हा गायब. म्हणून मीटर नाही म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवा. हो म्हणालं तर लगेच ठेवू नका.

काँटॅक्ट का बसतात

हिशेब सोपा आहे. डीव्हीडी प्लेअरचा आउटपुट जास्तीत जास्त २ व्होल्ट, आणि व्हॉल्यूमचा पॉट (नॉबने बदलणारा रेझिस्टर) ५० किलोओहमचा. म्हणजे स्विचमधून जाणारा करंट ४० मायक्रोअँपिअर. मोबाइल हळू आवाजात लावलेला असेल, सिग्नल ०.१ व्होल्ट असेल, तर फक्त २ मायक्रोअँपिअर. दुकानात मिळणाऱ्या साध्या रोटरी स्विचचे काँटॅक्ट चांदीचा मुलामा दिलेले असतात आणि चांदी हवेतल्या गंधकाच्या वायूंनी काळी पडते. हे चांदीकामाच्या हुपरीतल्या कुणाही कारागिराला नव्याने सांगायला नको. पैंजण पुडीबाहेर राहिले की काय होतं ते त्यांना पाठ आहे. दमट हवेत हे काम आणखी लवकर होतं. त्याच चांदीच्या काँटॅक्टमधून पंख्याचा किंवा दिव्याचा करंट गेला असता तर ठिणगीने आणि घासण्याने तो थर जळून गेला असता. दोन मायक्रोअँपिअरमध्ये तेवढी ताकद कुठली? थर तसाच राहतो, जाड होतो, आणि कुठल्यातरी संध्याकाळी एक बाजू बसते.

म्हणूनच नॉब हलवला की आवाज येतो. घासल्याने थर तेवढ्यापुरता खरवडला जातो. ज्या जागेवर सिलेक्टर महिनोन्महिने उभा असतो, उदाहरणार्थ ब्लूटूथ, तीच जागा आधी बिघडते. टेप डेकची जागा वर्षातून चारदा वापरली जात असली तर तीही. रोज इकडून तिकडे फिरणारा सिलेक्टर जास्त टिकतो, हे ऐकायला उलटं वाटलं तरी खरं आहे.

शाहूपुरीतल्या एका काकांचा ॲम्प मध्यंतरी उघडला होता. स्विच उघड्या पट्टीचा, म्हणजे आतलं सगळं दिसणारा. भिंगातून पाहिलं तर फिरणाऱ्या पात्याने काँटॅक्टवर केसाएवढी चकचकीत रेघ ओढलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तपकिरी-काळा रंग. पण डाव्या बाजूच्या दोन टर्मिनलांवर रंग वेगळाच होता, पिवळसर, चिकट. ती सोल्डरिंग पेस्ट. डाग देताना पेस्ट पातळ होऊन टर्मिनलवरून आत उतरली होती आणि थंड होऊन पात्याखाली बसली होती. काका सारखे म्हणत होते, "आरं, डावीच का जातीया?" डावीच जात होती कारण पेस्ट डावीकडेच गेली होती.

पेस्टबद्दल आताच सांगून टाकतो. डबीतली सोल्डरिंग पेस्ट सिलेक्टरच्या जवळपाससुद्धा आणू नका. आत राळ असलेली ६०/४० ची सोल्डर वायर पुरे. तार आधी वेगळी कल्हई करून घ्या, टर्मिनल खालच्या दिशेला राहील असा स्विच धरा म्हणजे फ्लक्स आत उतरणार नाही, आणि सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांत उचला. प्लॅस्टिकच्या बंद स्विचमध्ये आयर्न जास्त वेळ टेकलं की टर्मिनल जागचं सरकतं. वरून काही दिसत नाही, पण आत पातं आणि काँटॅक्ट यांची गाठ पडत नाही.

दुकानात काय मागायचं

राजारामपुरीत किंवा लक्ष्मीपुरीत काउंटरवर संवाद साधारण असा होतो. "दोन पोल सहा वे आहे का?" "हाय की. कशाला लावणार?" "ॲम्पला." "मग हाच न्या, सगळी हाच नेत्यात." दुकानदाराची चूक नाही, आपणच अर्धं मागतो.

पोल म्हणजे एकाच वेळी किती वेगळ्या तारा फिरवायच्या, वे म्हणजे किती जागा. स्टिरिओला डावी आणि उजवी मिळून दोन पोल लागतात. ग्राउंड सगळ्यांची एकत्रच ठेवायची. नेहमीच्या रोटरी स्विचमध्ये एका पट्टीवर ३० अंशांच्या अंतराने बारा टर्मिनलं असतात. ती एक पोल बारा वे, दोन पोल सहा वे, तीन पोल चार वे किंवा चार पोल तीन वे अशी वाटलेली असतात. चार सोर्स असतील तर दोन पोल सहा वे घेऊन बुशखालची (पॅनेलमधून बाहेर येणाऱ्या आटेदार मानेखालची) खाच असलेली रिंग सरकवून चार जागांवर अडकवता येतो. ही रिंग पुष्कळांना माहीतच नसते आणि मग नॉब दोन रिकाम्या जागांवर फिरत राहतो.

दुसरी गोष्ट काँटॅक्टची. सोन्याचा मुलामा असलेलाच मागा. सोनं काळं पडत नाही, आणि इथे ठिणगी नसल्याने पातळ मुलामाही टिकतो. किंमत साध्याच्या कितीतरी पट असते, पण ॲम्पच्या एकूण खर्चात ती कुठे दिसतही नाही. लोर्लिन, आल्प्स, ग्रेहिल, एल्मा ही या धंद्यातली जुनी नावं. मात्र नाव बघून घेऊ नका, मॉडेलच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) काँटॅक्टचा धातू वाचा. एकाच कंपनीचा एकाच आकाराचा स्विच चांदीतही मिळतो आणि सोन्यातही. आपल्या बाजारात मिळाला नाही तर ऑनलाइन मागवा. दोनच सोर्स असतील तर रोटरीच्या भानगडीत पडायची गरज नाही, सोन्याच्या काँटॅक्टचा सहा पिनांचा टॉगल झकास चालतो.

तिसरी गोष्ट कुणी विचारत नाही. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना स्विच आधी जुनं सोडतो की आधी नवं पकडतो? इनपुट सिलेक्टरला आधी सोडणारा हवा. आधी पकडणारा घेतला तर फिरवताना क्षणभर टीव्ही आणि डीव्हीडीचे आउटपुट एकमेकांना जोडले जातात. बहुतेक सोर्सना त्याने इजा होत नाही, पण दोन्ही आवाज मिसळून एक घाणेरडा आवाज येतो. ओळखायचं कसं? मीटर बीपवर ठेवा, टोकं शेजारच्या दोन टर्मिनलांना लावा आणि नॉब अगदी सावकाश फिरवा. मधेच बीप वाजला तर आधी पकडणारा. तो परत करा, किंवा पायऱ्यांचा व्हॉल्यूम बांधायला ठेवा. तिथे तोच लागतो.

दांडीकडेही बघा. ६ मिलिमीटरची दांडी आणि पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा नॉब एकत्र आले की नॉब डुगडुगतो, आणि डुगडुगणारा नॉब माणूस जोरात दाबून फिरवतो. बॉडीवर बुशजवळ एक छोटा कान असतो. त्याच्यासाठी पॅनेलला वेगळं बारीक भोक पाडायचं असतं. पुष्कळ जण कंटाळा करून तो कान पक्कडीने मोडतात. मग नट ढिला झाला की नॉबबरोबर अख्खा स्विच फिरतो आणि मागच्या तारा वेटोळं खाऊन इन्सुलेशनच्या आत तुटतात. वरून तार शाबूत, आत तुटलेली, हलवलं की आवाज येतो. लक्षण हुबेहूब खराब काँटॅक्टचं! म्हणून स्विच बदलायच्या आधी तारा एकेक करून चिमट्याने हलवून बघा.

स्विच पुढे असला पाहिजे असंही नाही. सॉकेटं मागे, सिलेक्टर पुढे, मधे फूटभर शिल्ड वायरची जुडी ट्रान्सफॉर्मरच्या कुशीतून जाते, आणि मग हमिंग आलं की खापर स्विचवर. स्विच मागच्या बाजूला, सॉकेटांना लागून बसवा आणि पुढच्या नॉबपर्यंत दांडी वाढवा. उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याला ६ मिलिमीटरचा रॉड आणि दोन ग्रब स्क्रूचा कपलर सांगितला तर चहा होईपर्यंत करून देतो. मोठमोठ्या कास्टिंगची कामं करणारी माणसं ती, आपलं काम बघून हसतात, पण देतात. वायर चार बोटांची उरते आणि निम्मा त्रास तिथेच संपतो.

रिले लावणार असाल तर

सॉकेटांजवळ रिले आणि पुढे फक्त त्यांना चालू-बंद करणारा स्विच, ही सगळ्यात निर्वेध पद्धत. पण रिलेतही तीच चूक होते. दुकानात १२ व्होल्टचा रिले मागितला की साखरेच्या खड्यासारखा चौकोनी, 'शुगर क्यूब' म्हणतात तो रिले हातात पडतो. साखरेच्या जिल्ह्यात नाव गोड वाटतं खरं, पण तो पंप-पंखे चालवायचा रिले आहे. काँटॅक्ट चांदीच्या मिश्रधातूचे, आणि अशा रिलेंच्या डेटाशीटमध्ये किमान भार पुष्कळदा ५ व्होल्टला १०० मिलिअँपिअर असा दिलेला असतो. आपल्याकडे आहेत मायक्रोअँपिअर. सिग्नल रिले मागा: ओमरॉनचा जी५व्ही-२, पॅनासॉनिकचा टीक्यू२ किंवा त्या जातीचा, दोन चेंजओव्हरचा (म्हणजे दोन पोलांचा), सोन्याचा थर दिलेला. एका सोर्सला एक रिले पुरतो. कॉइलवर उलटा डायोड, १एन४००७ चालेल, आणि कॉइलची ग्राउंड तार ऑडिओच्या ग्राउंडमधून न नेता थेट सप्लायच्या कपॅसिटरवर न्या. पुढचा स्विच मग कितीही साधा असला तरी चालतो, कारण त्यातून कॉइलचे चाळीसेक मिलिअँपिअर जातात आणि चांदी तेवढ्यावर खूश असते.

सीडी ४०५२ ही इलेक्ट्रॉनिक सिलेक्टरचं काम करणारी आयसी स्वस्त आणि सोपी आहे, रिमोटला बरी पडते. सिग्नल तिच्या सप्लायच्या मर्यादेत राहिला पाहिजे आणि तिच्या पुढे मोठा इनपुट रोध हवा, एवढं सांभाळा. मी स्वतः रिलेच लावतो.

ज्यात स्विचचा दोष नसतो

रिकाम्या जागेवर नॉब नेला की दुसऱ्या सोर्सचं गाणं बारीक ऐकू येतं, ही दुसऱ्या क्रमांकाची तक्रार. त्यापायी नवा स्विच आणला जातो आणि नव्यातही तेच ऐकू येतं. शेजारच्या टर्मिनलांमध्ये थोडी कपॅसिटन्स असतेच, म्हणजे न टेकताही थोडा सिग्नल पलीकडे गळतो. ती २ पिकोफॅराड धरली तर १० किलोहर्ट्झला तिचा रोध सुमारे ८० लाख ओहम होतो. निवडलेल्या जागेवर चालू सोर्स जोडलेला असेल तर त्याचा आउटपुट रोध ६०० ओहमच्या आसपास असतो, आणि शेजारून गळणारा आवाज ८० डेसिबलपेक्षा खाली दबतो. कुणाला ऐकू येणार नाही. पण जागा रिकामी असली की उरतो फक्त पॉटचा ५० किलोओहम. आता तोच आवाज ४४ डेसिबलच खाली आहे. रात्री घर शांत असलं की ऐकू येतो, आणि त्यात टाळ-झांजांची किणकिण असते, खर्ज नसतो, कारण कपॅसिटन्समधून वरचे सूरच जास्त गळतात. खर्जासकट सगळंच ऐकू येत असेल तर मात्र खरोखर कुठेतरी तार टेकली आहे किंवा ग्राउंड सुटली आहे. उपाय साधा: रिकाम्या सॉकेटमध्ये शॉर्ट केलेली आरसीए पिन घाला. जागा शिल्लक असतील तर दोन सोर्सच्या मधलं टर्मिनल ग्राउंड करा. ती जागा म्यूट म्हणूनही कामाला येते.

सोर्स बदलताना स्पीकरमधून "धप्प" आवाज येतो, तेव्हा सोर्सचा आउटपुट कपॅसिटर तपासा. स्विच दुसरीकडे असताना त्याला डिस्चार्ज व्हायला वाट नसते. तो गळतीने हळूहळू चढतो आणि जोडल्याबरोबर रिकामा होतो. प्रत्येक सॉकेटवर, स्विचच्या अलीकडे, सिग्नल ते ग्राउंड २२० किलोओहमचा रेझिस्टर लावा. रुपया-दोन रुपयांचं काम. त्यानंतरही धप्प राहिला तर त्या सॉकेटवर डीसी मोजा. काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त असेल तर सोर्सचा कपॅसिटर गेलाय.

टीव्ही जोडल्यावर हमिंग येतं आणि सिलेक्टर ब्लूटूथवर नेला तरी जात नाही, याचंही कारण ग्राउंड सगळ्यांची एकच आहे हे. केबलची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. हमिंग थांबलं तर ग्राउंडचा लूप (ग्राउंडला दोन वाटा मिळून बनलेलं वेटोळं) तिथून येतोय, आणि टीव्हीच्या ऑडिओ लाइनमध्ये ६००:६०० चा ट्रान्सफॉर्मर टाकला की सुटतो. ॲम्पच्या थ्री-पिन प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका, पत्र्याच्या कॅबिनेटला तीच पिन वाचवते. ब्लूटूथवरच किरकिर-चिवचिव येत असेल तर मॉड्यूलचा सप्लाय वेगळा करा किंवा बी०५०५एस सारखा आयसोलेटेड कन्व्हर्टर लावा.

रेकॉर्ड प्लेअरला मॅग्नेटिक कार्ट्रिज असेल तर त्याचा सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्ट. तो कच्चा सिलेक्टरवर आणू नका. आरआयएए प्रीॲम्प (रेकॉर्डचा बारीक सिग्नल वाढवून दुरुस्त करणारा बोर्ड) आधी, सिलेक्टर नंतर.

तूर्त जुन्याच स्विचवर पावसाळा काढायचा असेल तर

तेलकट गंजनाशक स्प्रे नको. त्याचा पापुद्रा राहतो आणि त्यावर धूळ बसते. काँटॅक्ट क्लीनर असं स्पष्ट लिहिलेला घ्या किंवा ९९ टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल. प्लग काढा, नळी स्विचच्या फटीत घालून अगदी थोडा मारा, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरवा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय ॲम्प चालू करू नका. नंतर आठवड्यातून एकदा रिकामाच फिरवत जा. पंचगंगेच्या पुराच्या पाण्यात बुडालेला ॲम्प असेल तर ट्रान्सफॉर्मर वाळवून, इन्सुलेशन तपासून वाचू शकतो, हीटसिंक धुऊन वापरता येतं, पण सिलेक्टर आणि व्हॉल्यूम थेट भंगारात टाका. गाळाचं पाणी पट्टीच्या थरांत मुरलेलं असतं, ते कुठल्याही स्प्रेने निघत नाही.